तिसरी बॅच

मला एका जागी बसवत नाही. आज गुडघ्यांनी असहकार पुकारलाय, तरी वर्तमानपत्राचं एक पान संपेपर्यंत मी तीनदा उठते, एकदा गॅस बघायला, एकदा खिडकी लावायला आणि एकदा ती पुन्हा उघडायला. आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी लावूनच पाठवलीय." असल्या माणसानं रसायनशास्त्राच्या वाटेला जाऊ नये, त्यातही सेंद्रिय संश्लेषणाच्या तर मुळीच नाही. कारण त्या कामात निम्मा वेळ वाट बघण्यात जातो. ढवळत ठेवायचं, वाट बघायची; गाळायचं, वाट बघायची; काचेच्या नळीतून पिवळा पट्टा मुंगीच्या पावलानं खाली येतो, त्याच्याकडे बघत उभं राहायचं. मी उभी राहायचे, पण मनातल्या मनात माजिवड्याच्या नाक्यापर्यंत चार फेऱ्या मारून यायचे. या स्वभावानं मला आयुष्यात बरंच काही मिळवून दिलं आणि एकदा फार मोठं काहीतरी घालवलं. त्या एकदाचीच गोष्ट इथे सांगणार आहे.

आम्ही तेव्हा वर्तकनगरच्या वसाहतीत राहायचो, दोन खोल्या आणि मागे कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. बाबा डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगांच्या कारखान्यात ऑपरेटर होते. कंपनीची बस माजिवड्याला यायची. पहिली पाळी असली की बाबा पहाटे निघायचे आणि दुपारी चारच्या सुमारास परत यायचे. त्यांना लांबून येताना बघितलं की आई दारातूनच विचारायची, "आज कोण आलंय? निळे का लाल?" कारण ज्या रंगाची बॅच, त्या रंगाचे बाबा. कानाच्या पाळ्या, नखं, भुवया, सगळं त्या रंगाचं. त्यांची बादली वेगळी, टॉवेल वेगळा, उशीचा अभ्रा वेगळा. ते आंघोळीला बसले की मोरीतून जांभळं किंवा शेंदरी पाणी गॅलरीखालच्या गटारात उतरायचं आणि खालच्या मजल्यावरच्या काकू ओरडायच्या, "आले वाटतं तुमचे साहेब!" वर्षातून दोन दिवस मात्र बाबा पांढरेशुभ्र असायचे, चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला. त्याच्या आदल्या रात्री ते बेसन आणि लिंबाचं साल घेऊन हात घासत बसायचे. तरीही नखांच्या कडेला रंग राहायचाच, मग विहारात ते हात जोडताना बोटं थोडी आत दुमडून घ्यायचे.

कारखान्यात धूळ फार, म्हणून कामगारांना गूळ मिळायचा. घशात गेलेली भुकटी गुळानं खाली उतरते, असा समज. बाबा आपला खडा न खाता कागदात बांधून घरी आणायचे. त्यामुळे आमच्या घरात साखरेपेक्षा गूळ जास्त. चहा गुळाचा, शिरा गुळाचा, आणि सुकटीच्या चटणीबरोबर भाकरी खाऊन झाली की तोंड गोड करायला पुन्हा गुळाचाच खडा. मी एमएस्सी झाल्यावर एकदा आईला समजावून सांगायला गेले की गुळानं फुप्फुसातलं काही निघत नाही, ती वाट वेगळी आणि ही वाट वेगळी. आई म्हणाली, "बरं. मग तू नको खाऊस." तिथे विषय संपला.

माझी प्रयोगशाळा घरापासून चालत अर्ध्या तासावर, बाळकुमच्या रस्त्याला होती. एका जुन्या कारखान्याच्या आवारात चालणारी छोटीशी संशोधन संस्था, पुढे आंब्याची झाडं, मागे भंगार. माझ्या मार्गदर्शक परेरा मॅडम, वसईकडच्या कॅथलिक कुटुंबातल्या, निवृत्तीला वर्षभर उरलेल्या, अंगानं बारीक आणि आवाजानं दणदणीत. त्यांचं मराठी घरचं आणि कॉलेजचं असं दोन पदरी होतं, आणि रागावल्या की दोन्ही पदर एकदम सुटायचे. वर्गात शंभरातल्या नव्वदांना घाबरवणारी ही बाई ख्रिसमसला मात्र घरून डबाभर फुगे तळून आणायची, ते गोल, गोडसर, मऊ पावासारखे फुगे, आणि समोर उभी राहून खायला लावायची.

आमचं काम काय होतं ते सोपं करून सांगते. तेव्हा जगभर लोक म्हणू लागले होते की यंत्रातली तार बारीक करत करत शेवटी एका रेणूएवढी करता येईल. मॅडमना तसा रेणू बनवायचा होता, ताठ, काडीसारखा, दोन्ही टोकांना गंधक, म्हणजे सोन्याला घट्ट धरून बसेल. दोन सोन्याच्या तुकड्यांमध्ये तो उभा करायचा आणि त्यातून वीज किती जाते ते मोजायचं. मोजणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. ते दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत. आम्ही बनवायचं, बाटलीत घालून कुरिअरनं पाठवायचं, ते मोजायचे आणि फोनवर आकडा सांगायचे. काडीचे तुकडे एकमेकांना जोडायला पॅलेडियम नावाचा महागडा धातू चिमूटभर लागतो. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखा तो काम झालं की बाजूला व्हायला पाहिजे. होत नाही. त्याला सिलिकाच्या भुकटीनं भरलेल्या लांब नळीतून, म्हणजे कॉलममधून, गाळून हाकलावं लागतं.

पहिल्या दोन बॅचमधून जवळपास काहीच वीज गेली नाही. तिसरीचा फोन आला तेव्हा मॅडमनी आकडा दोनदा वदवून घेतला, मग रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि स्वतः खुर्चीत बसल्या. कुणी कल्पना केली नव्हती एवढी वीज गेली होती. डिसेंबर नव्हता, तरी दुसऱ्या दिवशी फुगे आले. मॅडमनी एका परिषदेत तो आकडा सांगितला, आणि महिन्याभरात परदेशातल्या एका विद्यापीठाचं मला पत्र आलं. प्रबंध सादर केल्यावर दोन वर्षांसाठी या, मात्र हा लेख त्याआधी प्रसिद्धीला गेलेला असावा. बाबांनी ते पत्र बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे ठेवलं आणि वसाहतीत पेढे वाटले. रोज एकाला तरी ते विचारायचे, "विमानात जेवण देतात ना हो?" मी वरवर चिडायचे आणि आतून उडत असायचे. वर्तकनगरच्या त्या दोन खोल्यांतून, मोरीच्या जांभळ्या पाण्यातून निघायची मला इतकी घाई झाली होती की ते आता लिहितानाही लाज वाटते.

पण मॅडमचा एक नियम होता. "एकदा झालं ते झालंच नाही," त्या म्हणायच्या, "पुन्हा कर, मग लेख जाईल." मी चौथी बॅच केली. पाचवी केली. सहावीला तर मी कॉलम इतका लांब लावला, इतका हळू चालवला, की स्फटिक सुईसारखे चमकत होते. मोजणीला पाठवली, तर आकडा पहिल्या दोनसारखाच. जवळजवळ शून्य. पाच महिने गेले. मी जितकी स्वच्छ करत होते तितकी ती मुकी होत होती. आमच्याकडच्या यंत्रांवर तिसरी आणि सहावी सारखीच दिसायची, कारण त्या यंत्रांना रेणू दिसतो, त्यात लपलेला धातू दिसत नाही. कार्बन-हायड्रोजनचं प्रमाण तिसरीत थोडं चुकत होतं, ते आम्ही ओलाव्याच्या नावावर ढकललं. मला झोप येईना. जेवताना पाय हलायचा, आई गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवायची. शेवटी मॅडमच थकल्या. एका शनिवारी म्हणाल्या, "जाऊ दे गं. तिसरीचा आकडा खरा आहे, आपण बनवला नाही. शुक्रवारी लेख पाठवून देऊ." मी हो म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. नियम मोडून मी तिसरी आणि सहावी अशा दोन छोट्या बाटल्या घरी आणल्या होत्या, दोन्ही द्रावणं, दोन्ही पिवळी, चिठ्ठीवरचा बॅच नंबर तेवढा वेगळा. ट्यूबलाइटखाली पाच महिने बघून डोळे शिणले होते, एकदा उन्हात बघावं म्हणून गॅलरीच्या कठड्यावर ठेवल्या. घरात बोंबील तळले जात होते, शेजारी कुणाचा तरी मिक्सर चालू होता. बाबा बनियनवर येऊन बाजूला उभे राहिले.

"काय गं हे, बेबे?"

"माझं काम."

"दोन्ही एकच?"

"एकच. एक चालते, एक चालत नाही. का ते कुणाला ठाऊक." आमच्या घरात देवावर ढकलायची सोय नव्हती.

बाबांनी दोन्ही बाटल्या उन्हात धरल्या, हलवल्या, बूच न काढता नाकाशी नेल्या. मग म्हणाले, "रिंग काढलेली का?"

रिंग म्हणजे त्यांच्या कारखान्यातली रोजची रीत. व्हेसलमधला, म्हणजे रंग तयार होतो त्या मोठ्या पिंपातला, एक थेंब काचेच्या कांडीनं गाळणकागदावर टाकायचा आणि तो पसरताना बघत राहायचं. रंग नीट तयार झाला असेल तर वर्तुळ कडेपर्यंत एकसारखं पसरतं. काही राहून गेलं असेल तर ते मध्येच बसतं नाहीतर कडेला वेगळी रेघ उमटते. त्यावर बॅच पुढे जाणार की थांबणार ते ठरायचं. बाबांच्या खिशात त्या कागदाच्या पट्ट्या कायम असायच्या. घरातल्या सगळ्या पुस्तकांत खुणेला त्याच. मी हसले आणि म्हटलं, काढा. आईच्या झाडूची एक काडी मोडून त्यांनी दोन थेंब टाकले, शेजारी शेजारी, आणि आम्ही दोघं त्यावर वाकलो.

"ही बघ," सहावीवर बोट धरून बाबा म्हणाले, "कशी सरळ गेली. कडेपर्यंत एकच रंग. एक नंबर आहे ही. आणि ही..." त्यांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली. "मधे बघ. बारीक काळं बसलंय. पेन्सिलचं टोक टेकवल्यागत. कुणी धुतलेली नाही नीट. आमच्याकडं असती ना, तर मी परत फिल्टर प्रेसवर टाकायला लावली असती." आणि मग इतक्या आनंदानं माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे चालणारी सहावी, बरोबर ना?"

मला तो ठिपका दिसला होता. दिसताक्षणीच कळलंही होतं. तिसरी बॅच केली त्या दिवशी सिलिकाचा डबा संपत आला होता, कुरिअरवाला चारला येणार होता, आणि मी हातभराच्या जागी वीतभर कॉलम लावून मोकळी झाले होते. वहीत लिहिलं होतं, 'शुद्धीकरण नेहमीप्रमाणे'. वीज माझ्या रेणूतून गेलीच नव्हती. ती मध्यस्थातून गेली होती, त्या न हाकललेल्या काळ्या धातूतून. माझं विमान, माझं नाव, मॅडमचा शेवटचा लेख, सगळं त्या पेन्सिलच्या टोकाएवढ्या ठिपक्यावर उभं होतं.

मी काय केलं? मी बाबांवर ओरडले. "हा तुमच्या कारखान्यातला रंग नाहीये, बाबा! मोठमोठ्या यंत्रांनी तपासलंय ते. तुमच्या कागदाच्या चिठोऱ्यानं काय कळणार? प्रत्येक गोष्टीत तुमचं तेच घाणेरडं..." वाक्य मी पुरं केलं नाही, पण ते कुठे चाललं होतं ते दोघांनाही समजलं. बाबांनी पट्टी कठड्यावर ठेवली. हात बनियनला पुसले, खरं तर हाताला काही लागलं नव्हतं. "बरं," म्हणाले, "मला काय माहीत," आणि आत गेले. आईनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि तव्यावरचा बोंबील उलटला.

सोमवार ते गुरुवार मी जे जगले त्याला जगणं म्हणवत नाही. प्रयोगशाळेत जायचे, काचा धुवायचे, धुतलेल्या पुन्हा धुवायचे. मनात दोन बायका भांडत होत्या. एक म्हणायची, आकडा तर खराच आहे, आपण काही रचलेला नाही, मॅडमही तेच म्हणाल्या. आणि कुणाला दिसणार आहे तो ठिपका? दुसरी काही म्हणत नव्हती, नुसती कठड्यावरची पट्टी दाखवायची. रोज सकाळी मी माजिवड्यापर्यंत बाबांबरोबर चालायचे. त्या चार दिवसांत त्यांनी मला बाटल्यांचं एका शब्दानं विचारलं नाही. हवापाण्याचं बोलले. बुधवारी बस यायच्या आधी खिशातून गुळाचा खडा काढून दिला आणि म्हणाले, "तोंड सुकलंय तुझं." मला वाटलं तिथेच नाक्यावर बसून रडावं. रडले नाही. मी चिडले, पुन्हा. माणूस किती वाईट असू शकतं ते मला त्या आठवड्यात स्वतःवरूनच कळलं.

शुक्रवारी सकाळी मी मॅडमच्या आधी पोचले आणि कठड्यावरून उचलून पर्समध्ये जपलेली ती पट्टी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्या आल्या, पिशवी ठेवली, पट्टी बघितली. "हे काय आहे?" मी सांगितलं. कुणी काढली तेही सांगितलं. मॅडम उठल्या, स्वतः गाळणकागद घेतला, स्वतः थेंब टाकले. एकदा, दोनदा, तीनदा. तिन्ही वेळा ठिपका बसला. मग त्या म्हणाल्या, "वही आण."

मी पान उघडून दिलं.

"नेहमीप्रमाणे," त्यांनी वाचलं. "कॉलम किती उंच लावलेला?"

"वीतभर."

"आणि नेहमी?"

"हातभर."

मॅडमनी पेन माझ्याकडे सरकवलं. "एक रेघ मार. दिसलं पाहिजे काय खोडलं ते. खाली खरं लिही आणि आजची तारीख घाल." मी लिहिलं. माझं अक्षर इतकं वाईट कधीच आलं नव्हतं. "माय गॉड, पोरी," मग मात्र त्यांचे दोन्ही पदर सुटले, "पाच महिने! पाच महिने मी रात्री उठून बसते, म्हणते, माझंच काय चुकलं, माझंच डोकं म्हातारं झालं! तुला कसली एवढी घाई गं? कुठं आग लागलेली?" घाई आग लागली म्हणून नव्हती, घर सोडायचं होतं म्हणून होती, आणि ते मी त्यांना कसं सांगणार? बऱ्याच वेळानं मॅडम शांत झाल्या. म्हणाल्या, "परदेशवाल्यांना पत्र तू लिही. तुझ्या हातानं. सही दोघींची करू. आणि लेख सहावीचा जाईल, जो काय आकडा आहे तो." दारापर्यंत गेले तेव्हा पाठीमागून आवाज आला, "तुझ्या वडलांना काय शिक्षण गं?" मी म्हटलं, सातवी. मॅडमनी बाबांची पट्टी उचलून वहीच्या त्या पानात ठेवली.

परदेशातून दोन आठवड्यांनी उत्तर आलं, चार ओळींचं आणि अतिशय सभ्य. जागा आता उपलब्ध नाही. मी ते घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि घरी गेले. बाबा नुकतेच आंघोळ करून बसले होते, त्या दिवशी हिरवे होते. बऱ्याच दिवसांनी त्यांनी धीर करून विचारलं, "काय झालं तुझ्या सहावीचं?"

"सहावीच घेतली, बाबा," मी म्हटलं. "लेखात तीच जाणार."

त्यांचा चेहरा असा खुलला की पुढचं माझ्या तोंडून निघेना. "मी म्हटलेलं ना! आणि जायचं कधी मग?"

"ती जागा दुसऱ्याला दिली त्यांनी."

बाबांनी ओला टॉवेल उचलून दांडीवर नीट पसरला. मग म्हणाले, "त्यांना काय कळतंय. चांगला माल सोडला त्यांनी," आणि आईला चहा टाकायला सांगितला.

मी त्यांना खरं सांगितलं नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. सुरुवातीला सांगितलं नाही ते रागामुळे. होय, राग होता, वर्षभर होता. हा माणूस त्या दिवशी गॅलरीत आला नसता तर मी आज विमानात असते, असं मी कितीदा तरी मनात म्हटलं. राग ओसरला तेव्हा भीती आली. ज्या मुलीच्या विमानाचे पेढे त्यांनी वाटले, ते विमान आपल्याच एका थेंबानं खाली उतरवलं, हे ऐकून ते कसे जगले असते? आणि सांगितलं नाही म्हणून हेही सांगता आलं नाही की तुम्ही नसतात तर मी आयुष्यभर त्या खोट्या आकड्यावर बसून राहिले असते. पुढे इतरांनी वेगळ्या रीतीनं तोच रेणू मोजला आणि सहावीचाच आकडा खरा ठरला. चाळीस वर्षं होत आली या धंद्यात, कितीतरी पोरं हाताखालून गेली, माझ्याकडे काम करणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात रिंग काढायला शिकतो. पण बाबांचं देणं तसंच राहिलं.

प्रबंध मंजूर झाला तेव्हा वसाहतीनं विहारात माझा सत्कार ठेवला. वंदना झाली, शाल झाली, तीन भाषणं झाली. परेरा मॅडम आवर्जून आल्या होत्या, निवृत्त होऊन सहा महिने झाले होते त्यांना. मग कुणीतरी बाबांना आग्रह करून उभं केलं. ते पांढऱ्या सदऱ्यात, माइकपासून हातभर लांब, बोटं आत दुमडून उभे राहिले. म्हणाले, "मला भाषण येत नाही. एवढंच सांगतो, पोरीचं काम चोख आहे. मी स्वतः तपासलेलं आहे."

सगळं विहार हसलं. टाळ्या पडल्या, आई तोंडाला पदर लावून हसली, बाबा स्वतःही हसले. दुसऱ्या रांगेत परेरा मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. त्या उठून उभ्या राहिल्या आणि बाबा खाली बसेपर्यंत तशाच उभ्या होत्या.